वाळवंटाच्या पाण्याचा हिशोब ठेवणारे प्रोफेसर मिखाएल एवेनारी

आपल्यातले कितीतरी जण बेर-शेवा, दिमोना, येरुहाम इकडे नेगेवमध्ये वसले. आपले पूर्वज कोकणातले. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि इथे अवदातला सरासरी शंभरसुद्धा पडत नाही. तरी दोन हजार वर्षांपूर्वी नबाती लोक इथे राहत होते, आणि नंतरच्या काळात तर या भागात शेती भरात होती. नदी नाही, मग पाणी कुठलं? हे कोडं ज्यांनी सोडवलं त्या प्रोफेसर एवेनारींची आज ओळख करून देते.

त्यांचा जन्म 1904 साली मेट्झ शहरात झाला. तेव्हा ते जर्मनीत होतं, आता फ्रान्समध्ये आहे. मूळ नाव वॉल्टर श्वार्ट्झ. वनस्पतिशास्त्र शिकून ते डार्मश्टाटला शिकवू लागले. 1933 मध्ये हिटलरची सत्ता आली आणि यहुदी म्हणून त्यांची नोकरी गेली. त्याच वर्षी ते इकडे आले. तिशीसुद्धा झाली नव्हती. देश सुटला, पुढे नावही बदललं. यरुशलायमच्या हिब्रू युनिव्हर्सिटीत ते वनस्पतिशास्त्राचे प्रोफेसर झाले.

नेगेवमधल्या जुन्या बांधांचं त्यांना फार कुतूहल. लेस्ली शानन आणि नफताली तदमोर यांना सोबत घेऊन त्यांनी नुसता अभ्यास न करता जुनी शेतंच पुन्हा उभी केली. 1958 मध्ये शिवता इथे, 1959 मध्ये अवदातला. बांध दुरुस्त केले, पाटांची डागडुजी केली आणि पाणी मोजायची साधनं बसवली.

आम्ही नर्स लोक वॉर्डात रोग्याचा इनटेक-आउटपुट चार्ट ठेवायचो. किती पाणी गेलं, किती बाहेर आलं, थेंबाथेंबाची नोंद. एवेनारींनी डोंगराचा असा चार्ट ठेवला. किती पाऊस पडला, किती जोरात पडला, त्यातलं किती वाहून शेतात आलं, सगळं वर्षानुवर्षं लिहिलं.

त्यातून गुपित कळलं. इथल्या मातीवर पाऊस पडला की वरच्या थराची पापडी धरते, पाणी मुरत नाही, उतारावरून धावतं. एका हिश्श्याच्या शेतासाठी वीस-तीस हिस्से डोंगर राखलेला असे. समजा शंभर मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पंधरा टक्के वाहून आला. वीसपट डोंगराचे झाले तीनशे, शेतावर पडलेले शंभर, एकूण चारशे मिलिमीटर. एवढ्यात झाड जगतं. आणखी एक गोष्ट त्यांच्या नोंदींतून दिसली. मोठ्या उतारापेक्षा लहान लहान उतारांवरून, त्यांच्या आकाराच्या मानाने, जास्त पाणी मिळतं, कारण वाटेत मुरायला ते कमी सापडतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी सरासरीवर विश्वास ठेवला नाही. वाळवंटात सरासरी वर्ष क्वचितच येतं. एक वर्ष भरपूर, दुसरं कोरडं ठणठणीत. रोग्याचा आठवड्याचा सरासरी ताप नॉर्मल आहे म्हणून कुणी त्याला घरी पाठवत नाही. वाईट दिवशी काय होणार ते बघावं लागतं. वर्षाचा एकूण पाऊस कमी असला तरी एक-दोन जोरदार सरी आल्या तर शेतात पाणी येतं, हेही मोजल्यामुळेच कळलं. बदाम, जर्दाळू, पिस्ते, द्राक्षं, गहू, सगळं त्यांनी बाहेरचं पाणी न आणता पिकवून दाखवलं.

1971 मध्ये या कामावर त्यांचं आणि सहकाऱ्यांचं नेगेववरचं पुस्तक निघालं. 1988 मध्ये त्यांना बाल्झान पारितोषिक मिळालं आणि 1989 मध्ये ते वारले.

आता हवामान बदलतंय, पावसाचा भरवसा आणखी कमी होतोय. अशा वेळी त्यांची शिकवण कामाची आहे. आधी मोजा, मग पेरा, आणि वाईट वर्ष धरूनच हिशोब करा. मुलं-नातवंडं एलातला न्यायला निघाली तर अवदातला गाडी थांबवायला सांगा. टेकडीखालची शेतं त्यांना दाखवा.

झिख्रोनो लिव्राखा.