घोरपड आणि ते दोघे मावळे

तानाजी मालुसरे म्हटले की आपल्याला आधी आठवते ती घोरपड. मग रायबाचे लग्न, मग ऐंशी वर्षांचे शेलारमामा, मग तुटलेली ढाल, आणि या सगळ्या गर्दीतून वाट काढत शेवटी तानाजी. शाळेच्या संमेलनात पुठ्ठ्याचा कडा उभा करून त्यावर कापडी घोरपड दोरीने वर ओढलेली ज्याने पाहिली नाही, असा मराठी माणूस विरळाच. मालवणसारख्या गावातही, जिथे समुद्रातल्या सिंधुदुर्गाचा तट रोज डोळ्यांसमोर असतो, मुलांना शिवाजीमहाराजांच्या खालोखाल ठाऊक असते ती यशवंती घोरपड.

माझा जन्म बँकेच्या नोकरीत गेला. नोंद दिसली की तिच्यामागचे व्हाउचर पाहायचे ही खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. कादंबऱ्या लिहिताना ती आड येते, चरित्र वाचताना मात्र उपयोगी पडते. तानाजीच्या खात्यावर लोकांनी पुष्कळ नोंदी चढवल्या आहेत. त्यांपैकी पक्क्या किती, हे पाहत गेले की हाती येणारा माणूस गोष्टीतल्या तानाजीपेक्षा लहान होत नाही. तो निराळा होतो, आणि मला तरी अधिक जवळचा वाटतो.

मालुसऱ्यांचे मूळ गाव जावळी मुलखातले गोडवली मानतात. तानाजीची कर्मभूमी मात्र पोलादपूरजवळचे उमरठे. म्हणजे घाटमाथ्याशी नाते असलेला हा माणूस कोकणात राहिलेला. सह्याद्रीच्या या पट्ट्यात वर-खाली करणे हे साहस नव्हते, तो रोजचा व्यवहार होता. मीठ-मिरची, सोयरीक, देवदेव, सगळ्यासाठी घाट चढावा लागे. जिथे बैलाची वाट संपे तिथे माणसाची सुरू होई, आणि जिथे माणसाचीही संपे तिथे गुराख्याची. ज्या पायदळाच्या जोरावर स्वराज्य उभे राहिले, त्याची तालीम अशा वाटांवर झाली होती. तानाजी त्या पायदळात चढत चढत हजारी झाला, म्हणजे हजार मावळ्यांचा सरदार.

कोंडाण्याच्या आधीचा तानाजी आपल्याला फारसा दिसत नाही. पण एकदा दिसतो तो असा ठसठशीत की विसरू म्हणता विसरत नाही. १६६१ साली महाराजांची कोकणची स्वारी चालू होती. संगमेश्वरला तानाजी आणि पिलाजी नीळकंठराव फौजेसह होते. शृंगारपूरच्या सुर्व्यांनी रात्रीचा छापा घातला. अंधारात गोंधळ उडाला आणि पिलाजी पळू लागले. परमानंदाच्या शिवभारतात पुढची हकीकत आहे. तानाजीने त्यांना हाताला धरून मागे आणले, एका धोंड्याला दोरीने बांधून ठेवले आणि मग आपण लढत राहिला. छापा मोडला. अंधार, दगड, दोर आणि मागे न फिरणे, एवढ्या चार गोष्टी त्या रात्री एकत्र आल्या. नऊ वर्षांनी त्याच चार गोष्टी पुन्हा एकत्र यायच्या होत्या. हा माणूस धीराचा होताच, पण दुसऱ्याच्या धीराला गाठ मारून ठेवण्याचीही त्याला अक्कल होती. नेतृत्व म्हणतात त्यात या दुसऱ्या गुणाचा वाटा मोठा असतो, असे माझे मत आहे.

पुढची वर्षे सर्वांच्या परिचयाची. नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, आणि तट उभे राहत असतानाच, जून १६६५ मध्ये, पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यांत कोंडाणा होता. इकडे समुद्रात एक गड उठत होता आणि तिकडे डोंगरावरचे तेवीस हातचे जात होते. आग्ऱ्याहून सुटका १६६६ ची. त्यानंतरची शांतता १६७० च्या तोंडावर मोडली आणि गेलेले गड परत घेण्याचे काम निघाले. कोंडाण्यावर मोगलांतर्फे उदेभान राठोड हा नावाजलेला रजपूत किल्लेदार होता. दरवाज्यांवरून तो गड घेणे म्हणजे माणसे कापून देणे. तानाजीने काम अंगावर घेतले.

आता व्हाउचर पाहू. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर जिंजीला राजाराममहाराजांसाठी लिहिली. घटनेला तेव्हा पंचवीसएक वर्षे झाली होती. प्रसंग पाहिलेली, ऐकलेली माणसे हयात असतील एवढेच अंतर. सभासद सांगतो ते थोडक्यात असे. तानाजी पाचशे माणसे घेऊन गडाखाली गेला. त्याने दोन मावळे निवडले, चांगले मर्दाने, आणि रात्री त्यांना कड्यावर चढवले. ते वानरासारखे चपळाईने चढून गेले. वर पोचल्यावर त्यांनी माळ, म्हणजे दोराची शिडी, खाली सोडली. त्या माळेवरून तानाजीसुद्धा तीनशे माणूस वर आला. बस्स. घोरपडीचा पत्ता नाही.

घोरपड येते शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात. पोवाडा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणण्यासाठी असतो. त्याच्याकडे व्हाउचर मागणे अरसिकपणाचे. शिवाय ही घोरपड तुळशीदासाच्या पदरची एकटी नव्हे. मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपरा सांगते की, बहामनी काळात, पंधराव्या शतकात, त्यांच्या पूर्वजांनी खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घोरपडीला दोर बांधून सर केला आणि त्यावरून हे नाव मिळाले. म्हणजे ती घोरपड दोनशे वर्षे आधीपासून सह्याद्रीत दोर घेऊन हिंडत होती; कोंडाण्याला ती आयती मिळाली.

प्राणी म्हणून घोरपडीचा विचार केला तर गोष्ट टिकत नाही. पूर्ण वाढलेल्या घोरपडीचे वजन पाच-सात किलो. नखे बळकट, कपारीत अंग फुगवून बसली की ओढून निघत नाही, हे खरे. पण लटकणाऱ्या माणसाचा भार, आणि तोही हिसक्यांसह, तिने पेलायचा. त्यातून तिने नेमकी हवी तिथेच जाऊन बसायचे. यात नुकसान घोरपडीचे काहीच नाही. नुकसान झाले ते त्या दोन माणसांचे. त्यांचे काम घोरपडीच्या नावावर जमा झाले.

ते काम काय होते हे आज आपल्याला अधिक नीट कळू शकते, कारण ते आता हौसेने केले जाते. सह्याद्रीतल्या सुळक्यांवर आणि कड्यांवर आज तरुण मुले-मुली चढतात. काही भिंतींवर ठरावीक अंतराने पोलादी बोल्ट पक्के ठोकलेले असतात. कडा दोरापेक्षा उंच असला की चढाईचे टप्पे पाडतात. पहिला गडी वर जातो, दर बोल्टला कडी अडकवून तीत दोर ओवतो. खालचा गडी दोर सांभाळतो. वरचा निसटला तर ताण घेऊन त्याला थोपवतो. टप्प्याच्या शेवटी पहिला स्वतःला बोल्टांना बांधून घेतो आणि मग दुसऱ्याला वर घेतो. पुन्हा पुढचा टप्पा. दुसऱ्याला दोर नेहमी वरून असतो. तो घसरला तर हातभर खाली येतो, हसतो, पुन्हा चढतो. पहिल्याचे तसे नाही. शेवटच्या बोल्टपासून तो जितका वर गेला असेल, त्याच्या दुपटीहून थोडा अधिक तो पडतो. मध्यम अवघड म्हणतात त्या वाटेवरदेखील सारा हिशेब या एका माणसावर येतो. बाकीचे दोरावर विश्वास ठेवतात, तो फक्त दगडावर.

कोंडाण्याच्या कड्यात बोल्ट नव्हते. पहिल्या दोघांना दोर होता तो ओझे म्हणून, आधार म्हणून नव्हे. आजचा नायलॉनचा दोर ताणला जातो आणि पडणाऱ्याचा हिसका पोटात घेतो. हा दोर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आला. जुन्या दोराचा भरवसा किती, हे आमच्या किनाऱ्यावर कुणालाही विचारा. सुंभ वळणाऱ्या बायका आणि होडीवाले गाबीत सांगतील की दोर तुटतो तो क्वचितच मधल्या मध्ये. तो घासतो तिथे किंवा गाठीशी तुटतो. कड्याची धार म्हणजे घासण्याची जागा. तीनशे माणसांचे वजन ज्या माळेवरून गेले, ती वर कोणत्या झाडाला, कोणत्या खडकाला आणि कशी बांधायची, धारेवर खाली काय घालायचे, हे त्या दोघांनी अंधारात, धापा टाकत, पहारेकऱ्याला चाहूल न लागू देता ठरवले.

आमच्याकडे माडावर चढणारे पाडेली असतात. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, आणि पाहता पाहता माणूस झावळांत. त्यांच्यात एक बोलणे आहे असे नाही, पण एक रीत आहे. म्हातारा पाडेली नव्या पोराला माडावर चढवण्याआधी त्याच्या हातांकडे पाहत नाही, तो उतरताना कसा उतरतो ते पाहतो. तानाजीने पाचशेतून दोघे निवडले ते कशावरून, हे मला जाणून घ्यायला आवडले असते. शौर्यावरून तर नक्कीच नाही. ते त्या पाचशेत सगळ्यांजवळ होते.

रात्र होती ४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमी. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटताना उगवतो. तोवर काळोख. आणि उगवला तरी तो पूर्वेला. तानाजीचा कडा म्हणून आज जो दाखवतात तो डोणागिरीचा कडा गडाच्या पश्चिमेला. म्हणजे माथ्यावर चांदणे पडले तरी कड्याची भिंत बराच वेळ सावलीत. अशी तिथी आणि अशी बाजू योगायोगाने जुळली असेल असे मानायला माझ्यातला हिशेबनीस तयार नाही.

आणखी एक हिशेब. माळेवरून एका माणसाला दोन मिनिटे धरली, तर तीनशे माणसांना दहा तास लागतात. हिवाळ्याची रात्र मोठी असली तरी इतकी उदार नसते. एकामागे एक असे पाच-सहा जण एकाच वेळी माळेवर असतील, किंवा माळा एकाहून अधिक असतील. कसेही धरा, ही गर्दी आवाज न करता वर न्यायची तर कडक शिस्त हवी, आणि ती लावणारा माणूस स्वतःही त्याच माळेवर लटकायला तयार हवा. तानाजी तीनशेंबरोबर वर आला, हे सभासदाने आवर्जून नोंदले आहे.

फ्रान्समध्ये आल्प्सच्या बाजूला मों एग्वीय नावाचा एक उभ्या भिंतींचा डोंगर आहे. १४९२ साली आठव्या चार्ल्स राजाच्या हुकमावरून आंत्वान द व्हिल हा त्याचा लष्करी अधिकारी किल्ल्यांना वेढा घालण्याच्या शिड्या आणि दोर घेऊन त्यावर चढला. युरोपातले लोक या चढाईपासून गिर्यारोहणाचा इतिहास मोजतात. आपणही मोजायला हरकत नव्हती. कोंडाण्यानंतर तीनच वर्षांनी, मार्च १६७३ मध्ये, कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी असाच रात्री पन्हाळा घेतला. खुद्द सिंहगड मोगलांकडे गेल्यावर १६९३ मध्ये नावजी बलकवडे यांनी तो पुन्हा कडा चढूनच परत मिळवला. म्हणजे ही एक विद्या होती, हातातून हातात जाणारी. तिला घोरपडीची गरज नव्हती. चढणाऱ्यांची नावे लिहून ठेवण्याची गरज होती, ती मात्र कुणाला वाटली नाही. त्या दोघांची नावे सभासदानेही दिलेली नाहीत.

वर पोचल्यानंतरची हकीकत सर्वांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. गडावरचे रजपूत सावध झाले, हातघाई झाली. तानाजी आणि उदेभान समोरासमोर आले. तानाजीच्या डाव्या हातातली ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली. दोघेही पडले. सरदार पडल्यावर माणसे बिथरली, ती धाकट्या सूर्याजीने सावरली. मावळे पळू नयेत म्हणून त्याने कड्यावरचे दोर कापले, असे परंपरा सांगते. खरे असेल तर त्यात मोठा भाऊ दिसतो, संगमेश्वरला पिलाजींना धोंड्याशी बांधणारा. तिथे दोर बांधून जे साधले, ते इथे कापून. गड ताब्यात आल्यावर पागेची गवती घरे पेटवून दिली आणि तो उजेड राजगडावर महाराजांनी पाहिला. गड मिळाल्याची खूण पोचली. त्यासाठी काय द्यावे लागले ते नंतर कळले.

सिंहगड हे नाव तानाजीमुळे पडले असे आपण मानतो. पण १६६३ च्या पत्रातच ते आढळते, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या सात वर्षे आधी. हीही एक नोंद खोडावी लागते. तानाजीला तिची उणीव भासेल असे मला वाटत नाही.

एका नोंदीला मात्र मी हात लावणार नाही. राजगडाच्या मुलखातून, केळदच्या बाजूने, एक घाट खाली महाडच्या खोऱ्यात उतरतो. त्याला मढे घाट म्हणतात. तानाजीचे मढे त्या वाटेने उमरठ्याला नेले म्हणून हे नाव, असे लोक सांगतात. मी त्याचे व्हाउचर मागितलेले नाही. घाट आजही उतरता येतो. वाट अरुंद आहे, पावसाळ्यात शेजारून धबधबा कोसळतो, आणि खांद्यावर ओझे असेल तर वळणावर पुढच्याने थांबून मागच्याची वाट पाहावी लागते.