भुकेने गेलेला बीजसंग्राहक

ऋषिपंचमीच्या आधी कल्याणच्या बाजारात बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेल्या भाज्या येतात. त्यांच्या शेजारी कधीमधी देवभातही दिसतो. तळ्याकाठी आपोआप उगवणारा, लांब कुसळांचा हा भात म्हणजे आपल्या कोलमचा रानटी भाऊबंद. पिकांच्या अशा नातेवाइकांचे मोल जगाला पटवणारे शास्त्रज्ञ म्हणजे निकोलाय वाविलोव्ह.

त्यांचा जन्म 1887 मध्ये मॉस्कोत, व्यापाऱ्याच्या घरी झाला. 1916 मध्ये त्यांना इराणला पाठवले गेले ते एका वैद्यकीय कोड्यासाठी. रशियन सैनिक तिथली रोटी खाऊन झिंगल्यासारखे होत. वाविलोव्ह यांनी रुग्ण नव्हे, धान्य तपासले. गव्हात विषारी तण आणि बुरशी निघाली. आम्हा डॉक्टरांना हेवा वाटावा असे निदान!

शेतकरी पिढ्यान् पिढ्या टपोरा दाणा आणि न झडणारी लोंबी निवडत गेला. त्या निवडीत पिकातली जनुकीय विविधता आटली. रोग आणि दुष्काळ सोसणारे अनेक गुण रानटी वाणांतच उरले. जिथे विविधता सर्वाधिक, तिथे त्या पिकाचे माहेर, असे वाविलोव्ह यांनी 1926 मध्ये मांडले. अफगाणिस्तान, इथिओपिया पालथे घालत लेनिनग्राडच्या संस्थेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच लाख नमुने जमवले.

पण स्टालिनचा वरदहस्त होता जनुकशास्त्रच नाकारणाऱ्या लायसेन्कोवर. ऑगस्ट 1940 मध्ये वाविलोव्ह यांना अटक झाली. आधी मृत्युदंड, मग वीस वर्षे कैद. दीर्घ उपासमारीत शरीर चरबी संपली की स्नायू जाळू लागते, आणि हृदयही स्नायूच. 26 जानेवारी 1943 रोजी सारातोव्हच्या तुरुंगात ते गेले. वय 55.

तिकडे वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये त्यांचे सहकारी बियाणे राखत होते. भाताचे जाणकार द्मित्री इव्हानोव्ह भुकेने मेले, तेव्हा तांदळाची हजारो पाकिटे शाबूत होती.

1970 च्या दशकात आशियातल्या भातशेतीवर रोपे खुजी करणारा विषाणू पसरला. फिलिपिन्समधल्या भात संशोधन संस्थेने सहा हजारांवर नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा गुण सापडला तो उत्तर प्रदेशातून आलेल्या, देवभाताच्याच गोतावळ्यातल्या एका रानटी भातात.