बाबा आमटे बसत का नव्हते? मणक्याच्या आजारासोबत त्यांनी काम कसे केले?

बाबा आमटे यांची उतारवयातील छायाचित्रे पाहिली, तर ते बहुतेक वेळा उभे, काठी घेऊन चालताना किंवा पलंगावर आडवे दिसतात. मान आणि कंबर अशा दोन्ही ठिकाणच्या स्पॉन्डिलोसिसमुळे त्यांना बसणे जमत नव्हते. हा आजार नेमका काय आहे आणि त्यातून बाबांनी वाट कशी काढली, जाणून घेऊया.

कोण होते बाबा आमटे?

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे झाला. वकिलीचे शिक्षण घेऊन त्यांनी वरोऱ्यात वकिली केली. १९४९ मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. पुढे पत्नी साधनाताई, दोन लहान मुले आणि सहा कुष्ठरुग्ण यांना घेऊन वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे राहिले. विहिरी खोदण्यापासून शेतीपर्यंतची कामे बाबांनी रुग्णांसोबत स्वतः केली. १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. हा भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला.

स्पॉन्डिलोसिस म्हणजे काय?

दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते. ती धक्के झेलते. वयानुसार गादी झिजते, मणक्यांतील अंतर कमी होते आणि कडेला हाड वाढू लागते. वाढलेल्या हाडाने किंवा सरकलेल्या गादीने नस दबली, तर हातापायात कळा येतात, मुंग्या येतात.

बसल्यावर त्रास जास्त का?

कमरेच्या गादीवर सर्वांत कमी दाब आडवे असताना असतो. पुढे वाकून बसल्यावर तो सरळ उभे राहण्यापेक्षाही वाढतो. त्यामुळे अशा अनेक रुग्णांना उभे राहणे सोसते, पण बसणे सोसत नाही. बाबांच्या मणक्यावर शस्त्रक्रियाही झाल्या, तरी बसणे त्यांना पुन्हा जमले नाही.

मग काम कसे चालले?

बाबांनी काम थांबवले नाही, कामाची पद्धत बदलली. लोकांना भेटणे, चर्चा करणे हे आडवे राहून होऊ लागले. डिसेंबर १९८५ मध्ये, वयाच्या ७१व्या वर्षी, त्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर ‘भारत जोडो’ यात्रा काढली. तरुण सायकलवर होते आणि बाबा वाहनात झोपून प्रवास करत होते. १९८८ मध्ये इटानगर ते ओखा अशी दुसरी यात्रा झाली. १९९० मध्ये ते आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावद येथे राहायला गेले आणि तिथे अनेक वर्षे राहिले.

हा गाऊट किंवा वात होता का?

नाही. गावाकडे सांध्याच्या प्रत्येक दुखण्याला वात म्हणतात, पण आजार वेगवेगळे असतात. गाऊटमध्ये रक्तातील युरिक अ‍ॅसिड वाढते आणि त्याचे बारीक स्फटिक सांध्यात साचतात. पायाचा अंगठा अचानक, अनेकदा रात्री, लाल होऊन सुजतो. हे स्फटिक टेंडनमध्ये, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीतही साचू शकतात. त्यामुळे टाचेमागची किंवा गुडघ्याजवळची सूज केवळ ताण पडल्याने आली असे वाटते, पण कारण गाऊट असू शकते. रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सांध्यातील पाण्याची तपासणी करून निदान करता येते. गाऊट औषधांनी आटोक्यात येतो. मणक्याची झीज मात्र भरून येत नाही. तिथे व्यायाम, औषधे, योग्य सवयी आणि काही रुग्णांत शस्त्रक्रिया हेच मार्ग असतात.

आनंदवनात वेदनेचा अर्थ वेगळा का?

कुष्ठरोगात नसा खराब होतात आणि वेदना कळेनाशी होते. चटका बसला, काटा रुतला तरी समजत नाही. जखम चिघळते आणि बोटे गमवावी लागतात. म्हणजे बाबांचे रुग्ण वेदना न कळल्यामुळे अपंग होत होते, तर बाबांना वेदना बसू देत नव्हती. वेदना हा शरीराचा इशारा आहे, हे या दोन्ही उदाहरणांतून दिसते.

यातून काय घ्यायचे?

बाबांनी दुखणे अंगावर काढले, असा त्यांच्या आयुष्याचा अर्थ लावणे चुकीचे ठरेल. त्यांनी उपचार घेतले आणि शरीराला झेपेल तशी दिनचर्या बदलली. धानाची रोवणी असो वा तेंदूपाने तोडणे, चंद्रपूर-गडचिरोलीत तासन्‌तास वाकून काम करावे लागते. कंबरदुखीसोबत पाय बधिर होणे, हातापायातील ताकद जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे अशी लक्षणे दिसली, तर मालिश करत न बसता लगेच डॉक्टरांकडे जावे.

बाबांचे ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात निधन झाले. ते ९३ वर्षांचे होते. आनंदवनातच त्यांचे दफन करण्यात आले.