एक्सप्लेनर : निरोपाच्या रात्री कलेक्टरवर गोळ्या का झाडल्या?

नाशिक : २१ डिसेंबर १९०९. विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपासाठी ‘शारदा’ नाटक ठेवलेले. तिथे अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जन्म कोकणातला, शिक्षण औरंगाबादला. वयाची विशीही गाठली नव्हती.

जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक, शहरात मान असलेले साहेब. मग राग कशाचा? बाबाराव सावरकरांनी देशभक्तीच्या कविता छापल्या, म्हणून त्याच जूनमध्ये त्यांना जन्मठेप, काळे पाणी! खटला पुढे पाठवणारे जॅक्सनच. कवितेला एवढी शिक्षा, हेच तरुणांना झोंबले. जॅक्सन यांची मुंबईला बदली झालेली, त्यामुळे घाई.

१९ एप्रिल १९१०ला ठाणे तुरुंगात अनंत यांना कर्वे, देशपांडे या साथीदारांसह फाशी झाली.