संपादक बाबासाहेब
१९२० साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. पगार चांगला होता. पण आपल्या समाजाचे गाऱ्हाणे छापणारे वर्तमानपत्र नव्हते. पैसे देऊनही ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात घेतली नाही. शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले आणि ३१ जानेवारीला पाक्षिक निघाले. ते विलायतेस गेले, पत्र पुढे बंद पडले. ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ काढले. हाताखाली माणूस नव्हता. रकानेच्या रकाने स्वतः लिहिले. १९३० साली ‘जनता’ निघाले. १९५६ साली तेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

बंधुभगिनींनो, १९५० साली त्यांनी औरंगाबादेत काढलेल्या, आजच्या मिलिंद महाविद्यालयातून आपली मुले पदवीधर झाली. त्यांतला कोणी वर्तमानपत्रात, आकाशवाणीवर जातो म्हणाला, तर अडवू नका.