ठेवींचे राखणदार : चिंतामणराव देशमुख

रायगड जिल्ह्यात महाडजवळ नाते नावाचे गाव आहे. तेथे १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. १९१२ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिजला त्यांनी विज्ञानाचे अध्ययन केले व १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेतही पहिला क्रमांक पटकावला.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले. आदल्याच वर्षी दक्षिणेतील त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली होती. बँक ठेवीदारांचा सारा पैसा तिजोरीत ठेवीत नाही. त्यातील बराचसा ती कर्जाऊ देते. म्हणून अफवा उठून सारे ठेवीदार एकदम दाराशी आले, तर चांगली बँकही अडचणीत येते. मग गैरकारभाराच्या बँकेची काय कथा! अशा वेळी विधवेची शिल्लक आणि शिक्षकाची उतारवयाची पुंजी पाहता पाहता नाहीशी होते.

११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. युद्धकाळात लहान लहान बँका भराभर निघाल्या होत्या. आग लागल्यावर विहीर खणण्यात काय अर्थ? त्यांच्याच कारकिर्दीत, १९४६ साली, बँकांचे हिशेब तपासण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेस मिळाला. फाळणीने अनेक बँकांची घडी विस्कटली. अखेर १९४९ साली बँकांसाठी स्वतंत्र कायदा झाला. परवान्यावाचून बँक चालवावयाची नाही. ठेवींचा ठराविक भाग रोख, सोने वा मान्य रोख्यांत राखावयाचा. संचालकांस तारणाशिवाय कर्ज द्यावयाचे नाही, असे नियम ठरले. बँका बुडणे लगेच थांबले नाही. परंतु लोकांच्या पैशावर पहारा बसला.

१९५० साली ते देशाचे अर्थमंत्री झाले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय त्यांना पटला नाही. म्हणून १९५६ साली त्यांनी ते उच्च पद सोडले. कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवाद करणारे हे रसिक विद्वान २ ऑक्टोबर १९८२ रोजी निवर्तले.

ठाण्याच्या वर्तकनगरात स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या महापालिकेच्या संस्थेस त्यांचे नाव दिले आहे. दुसऱ्याचा पैसा ही विश्वासाने सोपविलेली ठेव असते, आणि ती जपणे हीच मोठी देशसेवा आहे, हे त्यांच्या चरित्रातून शिकावे.