संत इग्नेशियस लोयोला : एका जखमी देहाची कहाणी

दरवर्षी ३१ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण साजरा करते. ते आयुष्यभर लंगडत चालत असत, हे त्यांच्या पुतळ्यांवरून आपल्याला सहसा कळत नाही.

२० मे १५२१ रोजी स्पेनमधील पाम्प्लोना किल्ला फ्रेंचांविरुद्ध लढविताना तोफगोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला व डावाही जखमी झाला. हाड बसविले गेले, पण वाकडे. लोयोलाच्या घरी ते पुन्हा मोडून बसवावे लागले. प्रकृती इतकी खालावली की त्यांना अखेरची साक्रामेंते देण्यात आली. संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या पूर्वसंध्येला उतार पडला. तथापि गुडघ्याखाली हाडावर हाड चढले होते व पाय आखूड झाला होता. तंग बूट घालता यावेत म्हणून त्यांनी ते वर आलेले हाड कापवून घेतले. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. हे धैर्य भक्तीचे नव्हे, निव्वळ दरबारी डौलाचे होते, असे आम्हाला वाटते. प्रभू ख्रिस्ताचे चरित्र हाती पडले ते त्यानंतरच्या अंथरुणात.

पुढे मान्रेसा येथे त्यांनी कठोर उपास केले, आजारी पडले आणि पोटदुखी कायमची मागे लागली. येशूसंघाचे प्रमुख झाल्यावर मात्र त्यांनी इतरांना त्या वाटेने जाऊ दिले नाही. १५४८ साली फ्रान्सिस बोर्जा यांना पत्र लिहून त्यांनी उपास व देहदंड कमी करावयास सांगितले. आपल्याकडे त्यांच्या उपासांवर प्रवचने होतात, या पत्रावर क्वचितच.

३० जुलै १५५६ रोजी रोममध्ये त्यांनी चिटणीस फादर पोलान्को यांना, आपला अंत जवळ आला आहे, पोपमहोदयांचा आशीर्वाद आणावा, अशी विनंती केली. वैद्यांना धोका दिसत नव्हता. शिवाय स्पेनची टपाल त्याच दिवशी निघायची होती. पोलान्को यांनी काम उद्यावर टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी इग्नेशियस देवाघरी गेले.

शरीररचनाशास्त्रज्ञ रेआल्दो कोलोम्बो यांनी शवविच्छेदन केले तेव्हा मूत्रपिंडांत, यकृतात व यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेतही खडे सापडले. पित्ताशय व जठर यांच्या वेदना मज्जारज्जूत एकाच मार्गाने पोहोचतात. म्हणून पित्तखड्यांची कळ पोटाच्या वरच्या भागात, जठराचीच असल्यासारखी जाणवते. वैद्य इतकी वर्षे उपचार करीत होते ते जठरावर.